चिनी माणसाचा राग "हवा" आणि इंग्रजाचा राग "उकळतं पाणी": यातून विचार खरंच वेगळा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही मॅन्डरिन म्हणजे प्रमाण चिनी शिकताय, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या तिसऱ्या पातळीपर्यंत आलाय, क्लासमध्ये सांगितलं गेलं की चिनी माणूस चित्रांत विचार करतो आणि इंग्रजीवाला लॉजिकने कारण दोघांची भाषाच तशी आहे, तर हे खरं का, रूपक आणि मेटोनिमीचा यात काय संबंध, आणि शिकताना याचा काही उपयोग आहे का. मी बरीच वर्षं चिनी-इंग्रजी-मराठी असं दुभाष्याचं काम करतो, थोडं शिकवतोही, आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबच लिहितोय.

आधी ते चित्रांचं डोक्यातून काढून टाका. चिनी अक्षरांपैकी 80 टक्क्यांहून जास्त अक्षरं अर्थाचा एक तुकडा आणि उच्चाराचा एक तुकडा जोडून बनलेली आहेत, निव्वळ चित्र म्हणावीत अशी अगदी थोडी, आणि मोबाइलवर भराभर टाइप करणाऱ्या शांघायच्या मुलाला प्रत्येक अक्षरात सूर्य, चंद्र, डोंगर काही दिसत नाहीत. भाषेचा विचारावरचा परिणाम बघायचाच असेल तर तो वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या रोजच्या बोलण्यात बघायचा, जिथे बोलणाऱ्याला आपण काही अलंकारिक बोलतोय याचा पत्ताही नसतो.

शाळेत शब्दशक्ती होत्या बघा, अभिधा, लक्षणा, व्यंजना, आणि लक्षणेची उदाहरणं ठरलेली, "बाबा ताटावर बसले", "घरावरून हत्ती गेला". एका गोष्टीचं नाव घ्यायचं आणि तिला चिकटलेली दुसरी समजायची, हीच ढोबळमानाने मेटोनिमी, मी पुढे लक्षणाच म्हणतो. रूपक म्हणजे एक गोष्ट अगदी वेगळ्या जातीच्या दुसऱ्या गोष्टीच्या साच्यात बघायची, भाव चढले, चर्चा तापली, वेळ वाया गेला. 1980 मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोघांनी मांडलं की रूपक ही कवितेची सजावट नाही, आपला साधा विचारच रूपकांवर चालतो, आणि तेव्हापासून सगळं लक्ष रूपकाने खाल्लं. माझं मत असं की चिनी आणि इंग्रजीत जिथे खरोखर फरक पडतो तिथे खाली बहुतेक वेळा लक्षणा असते आणि रूपक तिच्या खांद्यावर उभं असतं. शरीर सगळ्यांचं सारखंच, पण त्यातला कुठला अवयव पुढे करायचा, माणूस मोजताना त्याचं डोकं धरायचं की तोंड, हे ज्याची त्याची संस्कृती ठरवते, आणि एकदा ठरलं की पुढचं बोलणं आणि बराचसा विचारही त्याच वाटेने जातो.

रागाचं उदाहरण घेऊ कारण त्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. इंग्रजीत राग हा भांड्यातला गरम द्रव आहे, माणूस रागाने बॉइल होतो, सिमर करतो, स्टीम बाहेर सोडतो, शेवटी झाकण उडतं म्हणजे ब्लो युअर टॉप. चिनीत राग येणे म्हणजे "शंग-छी", शब्दशः छी उत्पन्न होणे, आणि छी म्हणजे हवा, वाफ, श्वास, अंगात फिरणारी ऊर्जा, सगळं एकत्र. कोणी तुमच्यावर राग काढतो आणि तुम्ही मुकाट्याने सोसता तेव्हा तुम्ही छी "घेता", नंतर दुसऱ्यावर काढता तेव्हा छी "सोडता". निंग यू या भाषाशास्त्रज्ञाने 1995 मध्ये इंग्रजी आणि चिनी रागाची तुलना करून दाखवलं की रागात उष्णता दोन्हीकडे आहे, आग दोन्हीकडे आहे, बंद भांड्यातला दाबही दोन्हीकडे आहे, फक्त भांड्यात इंग्रजीत द्रव आहे आणि चिनीत वायू. म्हणजे वरचा साचा तोच, आतला माल वेगळा.

हा माल आला कुठून? इथे मला सगळ्यात जास्त रस आहे. लेकॉफचं म्हणणं असं की रागात अंग खरंच तापतं, रक्तदाब वाढतो, चेहरा लाल होतो, म्हणून परिणामावरून कारण सांगायची लक्षणा तयार होते आणि तिच्यातून रूपक. यावर दिर्क खेरार्ट्स आणि स्टेफान ग्रोन्डेलार्स या भाषाशास्त्रज्ञांनी 1995 मध्येच चांगला आक्षेप घेतला की थांबा, युरोपात कित्येक शतकं चार द्रवांचं वैद्यक चालत होतं, रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, इंग्रजीतले कॉलरिक (तापट), फ्लेग्मॅटिक (थंड), मेलन्कोली (खिन्नता) हे सगळे त्याच औषधी पेटीतले शब्द आहेत, मग राग "द्रव" असणं हे शरीराचं देणं की जुन्या वैद्यांचं? चीनकडे बघितलं की हा आक्षेप फार पटतो. हुआंगती नेइचिंग या दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथात सरळ लिहिलंय की राग यकृताला इजा करतो, आणि आजही बीजिंगमधला माणूस कोणी फार चिडलं तर म्हणतो की याने "यकृताची आग" पेटवली. स्वभावाला शब्द आहे "फी-छी", म्हणजे प्लीहेची हवा. वैद्यक मागे पडलं तरी बोलण्यात ते जागच्या जागी आहे.

आपण मराठीवाले या वादात नुसते प्रेक्षक नाही. आपलं "पित्त खवळतं". ते आयुर्वेदातलं पित्त आहे, इंग्रजीसारखं द्रव आहे, पण वैद्यक आपलं. आणि "तळपायाची आग मस्तकात गेली" यात भांडंबिंडं काही नाही, नुसती आग वर चढतेय. तिन्ही भाषांत उष्णता सारखी, कारण अंग तापणं सारखं. पुढे द्रव, वायू की नुसती आग हे ज्याच्या त्याच्या वैद्याने आणि लोकांनी ठरवलं.

धैर्याचंही तसंच आहे. चिनीत धीट माणसाचं पित्ताशय मोठं असतं आणि भित्र्याचं लहान, भित्र्याला शब्दच "लहान-पित्ताशय-भूत" असा आहे. इंग्रजीत गॉल म्हणजे पित्तच, पण "ही हॅड द गॉल" म्हटलं की तो धैर्याचा नाही, उद्धटपणाचा शेरा होतो, आणि भित्र्याला लिली-लिव्हर्ड म्हणतात, पांढऱ्या यकृताचा. मराठीत आपण "जिगर लागते" म्हणतो आणि जिगर फारसीत यकृतच, मटणाच्या दुकानात कलेजी मागतो तोच अवयव. एकाच गुणासाठी शेजारशेजारचे दोन अवयव. छातीत, पोटात काहीतरी होतंय एवढंच शरीर सांगतं, नेमका पत्ता भाषा लिहिते.

मनाचा पत्ता तर सगळ्यात महत्त्वाचा. इंग्रजीत डोकं विचार करतं, हृदयाला भावना होतात, आणि हे दोघं भांडतात, हेड वर्सेस हार्ट. चिनीत "शिन" म्हणजे हृदय आणि तेच विचारही करतं. मेन्सियस या चिनी तत्त्ववेत्त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितलं की हृदयाचं काम विचार करणं. विचार, आठवण, विसरणं, चिंता, राग, असल्या कितीतरी शब्दांच्या अक्षरांत हृदयाचा तुकडा असतो, तुम्ही एचएसके एकलाच "श्यांग" शिकलात, विचार करणे, वाटणे, आठवण येणे, खाली हृदयच आहे. आता यावरून "चिनी लोक भावनेने विचार करतात" असा निष्कर्ष काढणारे भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. आजचा चिनी डॉक्टर मेंदू कुठे असतो ते चांगलं जाणतो आणि बोलीत "डोकं चालव" असंही सर्रास म्हणतात. फरक एवढाच की बुद्धी आणि भावना हे दोन वेगळे मालक आहेत आणि त्यांच्यात वाद असणारच, हे इंग्रजीत आयतं हाताशी मिळतं, जुन्या चिनी लिखाणात ते आयतं मिळत नाही. मराठी वाचकाला हे लवकर कळतं कारण आपलं "मन" पण दोन्ही कामं करतं, मनात आलं म्हणजे विचारही आला आणि इच्छाही झाली.

आता लक्षणेचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. लोकसंख्येला चिनीत "रन-खौ" म्हणतात, माणूस-तोंड. कुटुंबात किती जण असं विचारताना किती "तोंडं" असंच विचारतात. इंग्रजीत मोजायचं असलं की हेडकाउंट, म्हणजे डोकी. मराठीत दोन जुने शब्द आहेत आणि दोन्ही बघण्यासारखे: शिरगणती, यात डोकी, आणि खानेसुमारी, ज्यात बऱ्याच जणांना "खाणे" ऐकू येतं पण तो फारसी खाना, म्हणजे घर, दवाखान्यातला आणि कारखान्यातला, म्हणजे घरं मोजणे. एकाच सरकारी कामाला तीन हँडल, तोंड, डोकं, घर. डोकं मोजलं की माणूस एक आकडा होतो. तोंड मोजलं की लगेच दुसरा प्रश्न चिकटून येतो, याला खायला कोण घालणार?

चीनमध्ये हे नुसतं शब्दांपुरतं नव्हतं. "हू-खौ", म्हणजे दार-तोंड, ही घरटी नोंदणी. जानेवारी 1958 च्या कायद्याने ती कडक झाली, आणि शहरी हू-खौ असेल त्यालाच सरकारी दराचं रेशनचं धान्य, खेड्यातला हू-खौ असेल त्याने आपलं आपण पिकवून खायचं. त्या काळात शहरवाल्याचं वर्णनच "हा विकतचं धान्य खातो" असं व्हायचं, आणि सरकारी पगारावर असणाऱ्याला अजूनही "बादशाही धान्य खातो" म्हणतात. पक्क्या सरकारी नोकरीला लोखंडी भातवाटी म्हणतात हे तुम्ही ऐकलं असेलच, तिच्यात दोन थर आहेत, वाटी म्हणजे पोटापाण्याची सोय ही लक्षणा, आणि ती लोखंडाची म्हणजे फुटत नाही हे वरचं रूपक. 1990 च्या दशकात सरकारी कारखान्यांतून लाखो लोक कमी झाले तेव्हा "वाटी फुटली" असंच बोललं गेलं. आता तोंड हा शब्द होता म्हणून रेशन आलं असं मी अजिबात म्हणत नाही, रेशन टंचाईमुळे आणि योजनाबद्ध अर्थव्यवस्थेमुळे आलं. पण माणूस, नोंदणी, धान्य, नोकरी हे सगळं एकाच वाटीत बसवून बोलता येत होतं, आणि ज्यावर सहज बोलता येतं त्यावर विचारही सहज होतो, भाषेचा वाटा मला एवढा मान्य आहे.

पदाचंही असंच, पटकन सांगतो. अधिकाऱ्याचं पद गेलं की चिनीत त्याची "काळी जाळीदार टोपी" गेली, ही मिंग राजघराण्याच्या काळातल्या अधिकाऱ्यांची टोपी, इंग्रजीत राजसत्तेला क्राउन, मराठीत खुर्ची. टोपी काढून घेतात आणि खुर्चीवरून उठवतात, क्रियापदं आपोआप बदलतात.

आणि चेहरा. "लूज फेस" हे इंग्रजीत 19व्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांमार्फत चिनीतूनच आलंय. चिनीत त्यासाठी दोन शब्द आहेत, हू श्येन-चिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 मध्ये ते नीट वेगळे करून दाखवले: "ल्येन" म्हणजे माणूस म्हणून तुमची लाज-इज्जत, ती एकदा गेली की समाजात उभं राहणं कठीण, आणि "म्येन-त्झ" म्हणजे वजन, प्रतिष्ठा, ती कमी-जास्त होते, देता येते, राखता येते, दुसऱ्याची वापरता येते. चेहरा म्हणजे माणसाची इज्जत इथपर्यंत लक्षणा, पण चेहरा ही देण्याघेण्याची वस्तू झाली की रूपक सुरू. मीटिंगमध्ये चिनी मॅनेजर म्हणतो "माझा म्येन-त्झ बघा आणि एवढं करा", तेव्हा मी मराठीत "माझ्या शब्दाखातर एवढं करा" असं सांगतो, ते बरोबर पोचतं. इंग्रजीत मात्र "अॅज अ फेवर टू मी" म्हणावं लागतं आणि निम्मं वजन उडून जातं, कारण फेवर फेडला की हिशेब संपतो, म्येन-त्झ दिल्यावर देणाऱ्याचंही वाढतं. मराठीत इज्जतीसाठी नाक आहे, नाक कापलं गेलं, पण नाक कोणी कोणाला देत नाही, त्यामुळे देण्याघेण्याचा सगळा भाग आपण "शब्द" आणि "मान" यांच्याकडे सोपवलाय.

वेळेबद्दल तुम्ही इंटरनेटवर नक्की वाचलं असणार की चिनी लोक वेळ उभी बघतात. गेला महिना "वरचा" महिना, पुढचा महिना "खालचा" महिना, एवढं खरं आहे. यावरून लेरा बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2001 मध्ये प्रयोग करून सांगितलं की मॅन्डरिनवाले इंग्रजीत विचार करतानाही वेळ उभी मांडतात, आणि ते खूप गाजलं. पण 2007 मध्ये दोन वेगळ्या गटांना तोच निकाल मिळाला नाही, आणि चेन नावाच्या संशोधकाने बातम्यांमधली चिनी तपासली तर त्यात वेळेची आडवी रूपकंच जास्त निघाली. साहजिकच आहे, परवा म्हणजे गेलेला परवा "पुढचा दिवस" आणि येणारा परवा "मागचा दिवस", हे शब्द चिनीत रोज लागतात. 2011 मध्ये बोरोडिट्स्कीच्या गटाने सुधारलेल्या पद्धतीने पुन्हा प्रयोग केले आणि फरक दिसला, मॅन्डरिनवाले उभी मांडणी जास्त करतात पण आडवीही करतातच. मग 2012 मध्ये बर्गन आणि चॅन लाऊ यांनी मेनलँड चीन आणि तैवानमधल्या लोकांची तुलना केली, भाषा तीच मॅन्डरिन, तर उभी मांडणी तैवानवाल्यांत जास्त. कारण लिहिण्याची दिशा. मेनलँडमध्ये पीपल्स डेली हे पक्षाचं वर्तमानपत्र 1956 च्या 1 जानेवारीपासून आडवं छापायला लागलं, तैवानमध्ये उभं लिखाण कितीतरी जास्त टिकलं. म्हणजे ज्याला आपण "भाषेचा परिणाम" म्हणत होतो त्यात बराचसा कागदाचा आणि छपाईचा परिणाम होता. हा एकच किस्सा लक्षात ठेवला तरी या विषयातल्या अर्ध्या थापा ओळखता येतील.

कामात मात्र वेळेच्या रूपकांनी खराखुरा गोंधळ होतो आणि तो मी समोर बसून बघितलाय. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मशीन बसवायची तारीख ठरत होती, चिनी इंजिनिअर, मराठी इंजिनिअर, मधे इंग्रजी ईमेल. मराठी माणसाला तारीख उशिराची हवी होती, डोक्यात "पुढे ढकलू" होतं, त्याने इंग्रजीत बोलताना मूव्ह फॉरवर्ड म्हटलं. चिनीत लवकर करणे म्हणजे "पुढे उचलणे" आणि उशिरा करणे म्हणजे "मागे ढकलणे", त्यामुळे चिनी माणसाने फॉरवर्ड ऐकलं आणि काम अलीकडे घ्यायचंय असं धरून माणसं लवकर पाठवायची तयारी दाखवली. दोघंही हो-हो म्हणत होते. मी मधे पडून वार आणि तारीख दोन्ही भाषांत उच्चारून घेतली तेव्हा टेबलावर शांतता पसरली. यात मराठी माणसाचं इंग्रजी कच्चं होतं असं समजू नका, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलं की बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड झाली तर ती कधी, तर साधारण निम्मे सोमवार म्हणतात आणि निम्मे शुक्रवार. वेळ माझ्याकडे येतेय की मी वेळेकडे चाललोय यावर ते ठरतं. मराठीत आपण तारखेला आपल्या चालण्याच्या दिशेने पुढे ढकलतो, चिनीत तारखा रांगेत आहेत आणि आधीची ती पुढची. तेव्हापासून माझा नियम आहे की कुठल्याही भाषेत पुढे-मागे आलं की तारीख आकड्यात वदवून घ्यायची.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. "चिनीत संकट हा शब्द धोका आणि संधी यांचा मिळून बनलाय" हे वाक्य मोटिव्हेशनच्या प्रत्येक भाषणात येतं, जॉन केनेडी यांनीही ते 1959 च्या भाषणात वापरलं होतं. ते चूक आहे. शब्द आहे "वेइ-ची", त्यातला वेइ म्हणजे धोका हे ठीक, पण ची म्हणजे इथे नाजूक क्षण, गोष्ट जिथे वळते ती वेळ. संधीला वेगळा जोडशब्द आहे आणि त्यात हेच ची येतं म्हणून हा घोटाळा. व्हिक्टर मेअर या पेन्सिल्वेनिया युनिव्हर्सिटीतल्या चिनीच्या प्राध्यापकांनी हे सविस्तर लिहून ठेवलंय. चिनी आईवडिलांचा मुलगा आजारी आयसीयूत असताना त्यांना वेइ-ची म्हटल्यावर कुठलीही संधी दिसत नाही. शब्द फोडून त्यातून एका समाजाचं तत्त्वज्ञान काढणं ही या विषयातली सगळ्यात वाईट सवय आहे, प्लीज ती लावून घेऊ नका.

मग रूपकाने विचार बदलतो की नाही? थोडासा बदलतो, आणि तो भाषेपेक्षा त्या वेळी कुठलं रूपक समोर ठेवलंय त्याने जास्त. थिबोडो आणि बोरोडिट्स्की यांनी 2011 मध्ये इंग्रजी वाचकांना एका शहरातल्या गुन्हेगारीची माहिती दिली, काहींना ती हिंस्र पशू म्हणून, काहींना व्हायरस म्हणून. पशूवाल्यांनी पोलीस आणि तुरुंग जास्त सुचवले, व्हायरसवाल्यांनी सामाजिक सुधारणा. 2014 मध्ये दुसऱ्या गटाने पुन्हा करून बघितलं तर त्यांना तो परिणाम सापडला नाही. म्हणजे असला तरी नाजूक आहे, प्रयोगशाळेत एका परिच्छेदाने जग हलत नाही. वर्षानुवर्षं सगळा देश एकच रूपक बोलत असेल तर गोष्ट निराळी. चीनच्या आर्थिक सुधारणांचं वाक्य "दगड चाचपत नदी ओलांडायची", लोक ते सुधारणांचे नेते डंग श्याओफिंग यांच्या नावावर टाकतात, पण डिसेंबर 1980 च्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत ते मांडलं चेन युन या दुसऱ्या ज्येष्ठ नेत्याने. या रूपकात पलीकडचा काठ ठरलेला आहे, घाई नाही, पाय घसरला तर मागे घ्यायची मुभा आहे, आधी एखाद्या शहरात करून बघायची सोय आहे. शेन्झेनसारखे विशेष आर्थिक विभाग याच वाक्याच्या आधाराने लोकांना समजावता आले. पुढे 1990 च्या दशकात सोव्हिएतोत्तर देशांना इंग्रजीतून जो सल्ला मिळत होता त्यातलं रूपक होतं शॉक थेरपी, रुग्णाला एकदाच झटका. दोन्ही धोरणांमागची कारणं शब्दांपलीकडची होती, पण नदीत उतरलेल्या माणसाला "हळू का चाललायस" असं कोणी विचारत नाही, आणि शॉक देताना "हळूहळू द्या" असंही कोणी म्हणत नाही.

तुमच्या शिकण्यासाठी: शब्द एकेकटे पाठ करू नका, अवयव आणि क्रियापदांनुसार वहीची पानं करा. "छ्र" म्हणजे खाणे याला एक पान द्या. कष्ट सोसणे म्हणजे कडू खाणे, नुकसान होणे म्हणजे तोटा खाणे, दचकणे म्हणजे धक्का खाणे, मत्सर वाटणे (तोही प्रेमातला) म्हणजे व्हिनेगर खाणे. शेजारी मराठी लिहा, मार खाणे, शिव्या खाणे, भाव खाणे, पैसे खाणे, डोकं खाणे. इंग्रजीचा रकाना बराचसा रिकामा राहील, "ईट युअर वर्ड्स"सारखे थोडे सोडले तर. मराठीशी जुळणारे शब्द पटकन बसतात पण तिथेच सावध राहा, आपलं "खाणे" लाचेपर्यंत आणि भाव खाण्यापर्यंत जातं म्हणजे मिळवण्याकडे, चिनीतलं जास्त करून सोसण्याकडे. हृदयाचं पान, हाताचं पान (गायक म्हणजे गाणं-हात, नवशिका म्हणजे नवा-हात), तोंडाचं आणि चेहऱ्याचं पान अशी चार पानं भरली की एचएसके चारचे बरेच जोडशब्द तुम्हाला ओळखीचे वाटतील. बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी व्हिनेगर आठवतो का हे मात्र त्यालाच विचारा, शब्दावरून ठरवू नका.